पाळीतली कंबरदुखी आणि फर्मागुडीची चढण

फोंड्याहून पणजीला मी रोज कदंबाच्या बसने जाते, नऊ वर्षं झाली आता. महिन्यातले दोन दिवस असे असायचे की बस भोमला पोचेपर्यंत सगळा जीव कमरेत गोळा झालेला असायचा. बसायला जागा मिळाली तर बसून गचके, नाही मिळाली तर वरचा दांडा धरून उभ्याने गचके, आणि त्यातलं बरं कुठलं हे मला कधी ठरवता आलं नाही. पाळीत पोटात दुखतं हे सगळ्यांना माहीत असतं, जाहिरातीतली मुलगी पण पोटच धरून बसलेली असते, पण माझं पोट कमी आणि कंबर जास्त. माकडहाडाच्या थोडं वर, दोन्ही बाजूंना, आतून कोणीतरी पिळतंय असं, आणि तिथून ते मांड्यांत उतरायचं ते पार गुडघ्यापर्यंत.

आज हे लिहायचं कारण म्हणजे आमच्या ऑफिसात नवीन लागलेली एक मुलगी. तेवीस वर्षांची आहे. परवा पॅन्ट्रीत भिंतीला कंबर टेकवून डोळे मिटून उभी होती, मी विचारलं तर म्हणाली काही नाही ताई, ॲसिडिटी आहे. ती भिंत मला चांगली ओळखीची आहे, थंडगार आहे आणि बरोबर कमरेच्या उंचीवर तिला एक कट्टा आहे, तिथे मीही कितीतरी वेळा टेकून उभी राहिलेय. तिला दहा मिनिटांत जमेल तेवढं सांगितलं, मग ती म्हणाली ताई हे नीट लिहून द्या ना. तर हे तिच्यासाठी, आणि तिच्यासारख्या ज्या कोणी ॲसिडिटी म्हणून वेळ मारून नेतात त्या सगळ्यांसाठी.

आधी माहेरचं सांगते. माझं माहेर सावईवेऱ्याचं, घराच्या मागे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग. आमच्याकडे चार दिवस बाजूच्या खोलीत बसायची पद्धत होती, मी शाळेत होते तोपर्यंत तरी होती. वेगळी चटई, वेगळं ताट, आणि आजीचं एकच पालुपद, "हालूं नाका गो बाय, पडून राव." आजीच्या त्या बोलण्यात माया होती हे मला तेव्हाही कळत होतं. मी तशीच पडून राहायची, अंगाचं मुटकुळं करून, तासन्‌तास, आणि संध्याकाळी उठायला गेले की कंबर लाकडासारखी झालेली असायची. मला वाटायचं पाळीचं दुखणं म्हणजे हेच. त्यातलं अर्धं दुखणं पडून राहिल्यामुळे आहे हे कळायला मला तिशी ओलांडावी लागली.

पण आजी चुकीची नव्हती, हे मला मुद्दाम लिहायचंय. आजी पहाटे उठून पाणी भरायची, कुळागरात चढउतार करायची, वाकून सुपाऱ्या गोळा करायची, उकिडवी बसून भांडी घासायची, जमिनीवर बसून नारळ खवायची. महिन्याचे सव्वीस दिवस ती बाई सतत वाकत होती, उठत होती, बसत होती. तिच्या कमरेला ते चार दिवस म्हणजे खरीखुरी सुट्टी होती. आणि मी? आठ तास खुर्चीत, येऊन जाऊन तीन तास बसमध्ये, घरी आल्यावर सोफ्यावर मोबाईल. माझ्या कमरेला आणखी विश्रांती कशाची द्यायची? तिला हलवणाराच कोणी नव्हता. आजीचा सल्ला आजीच्या अंगाला बरोबर होता, माझ्या अंगाला तो तसाच्या तसा लागू पडत नव्हता, एवढंच.

मधली बरीच वर्षं मी गोळीवर काढली. मेफेनॅमिक ॲसिडची गोळी, फार्मसीत जाऊन नाव सांगितलं की मिळायची, कोणी काही विचारायचं नाही. पहिल्या दिवशी सकाळी चहाबरोबर एक, बसमध्ये दुखायला लागलं की दुसरी, तीही रिकाम्या पोटी. गोळी काम करते, खोटं कशाला बोलू. पण रिकाम्या पोटी घेऊन घेऊन नंतर मला खरीच ॲसिडिटी झाली. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशनने याच औषधाबद्दल सूचना काढली होती, त्यातून क्वचित कोणाला ड्रेस नावाची गंभीर ॲलर्जिक रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणजे ताप, अंगावर पुरळ, आतल्या अवयवांवर परिणाम, म्हणून डॉक्टरांनी आणि पेशंटनी लक्ष ठेवावं असं. तेव्हा सगळ्या ग्रुपवर ती बातमी फिरली आणि माझ्या बहिणीने घाबरून गोळी एकदम बंदच केली. घाबरून बंद करायचं कारण नाही, पण आपण जे गोळ्या-चॉकलेटासारखं तोंडात टाकतो ते औषध आहे, भरल्या पोटी आणि डॉक्टरला विचारून घ्यायचं औषध आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी खूप.

व्यायामाकडे मी वळले ती पाळीमुळे नाहीच. कंबर मधल्या दिवसांतही धरायला लागली, बादली उचलताना एकदा अशी धरली की सरळ होता येईना, म्हणून एका फिजिओकडे गेले. ती माझ्यापेक्षा लहान होती वयाने, पण विचारणं फार नेमकं. दिवसात किती तास बसतेस, चढ चढतेस का, जमिनीवर शेवटची कधी बसलीस. मग मला उताणं झोपवून गुडघे दुमडून कंबर वर उचलायला लावली आणि म्हणाली धरून ठेव. वीस सेकंदही धरता आलं नाही, मांड्या थरथरायला लागल्या. मी तिला सगळं सांगितलं, त्या दोन दिवसांचं पण, आणि विचारलं की पाळीत कंबर दुखते तेव्हा कुठला व्यायाम करू. तर ती म्हणाली, "त्या दोन दिवसांचं मग सांगते, आधी उरलेल्या सव्वीस दिवसांत काय करतेस ते सांग." मला जे काही कळलंय ते सगळं त्या एका वाक्यात आहे. आपण सगळ्या जणी दुखायला लागल्यावर मोबाईल उघडून व्हिडिओ शोधतो, पाळीच्या दुखण्यावर पाच आसनं, आणि ती करून फरक नाही पडला की म्हणतो व्यायामाने काही होत नाही. त्या दिवशीच्या आसनाने थोडं मोकळं वाटतं, नाही असं नाही. पण खरा फरक पडतो तो आधीच्या तीन आठवड्यांत काय केलं त्याने.

मुळात कंबर का दुखते ते तिने समजावलं ते सांगते, कारण ते कळल्यावर माझी अर्धी भीती गेली. पाळी येते तेव्हा गर्भाशयाचं आतलं अस्तर सुटायला लागतं आणि त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बाहेर पडतात. ती गर्भाशयाच्या स्नायूला आवळायला लावतात. गर्भाशय म्हणजे स्नायूच, तो जोरात आवळला की त्याचा स्वतःचाच रक्तपुरवठा तेवढा वेळ कमी पडतो, आणि रक्त कमी पडलं की कुठलाही स्नायू ओरडतो. पहिल्या एक-दोन दिवसांत ही रसायनं सगळ्यात जास्त असतात म्हणून दुखणं पण तेव्हाच जास्त. (त्याच दिवसांत पोट बिघडतं, जुलाब होतात, मळमळतं, तेही बऱ्याच अंशी यांच्याचमुळे.) आता गर्भाशयाकडून निघणाऱ्या वेदनेच्या नसा आणि कमरेच्या, मांडीच्या भागातून येणाऱ्या नसा मणक्यात साधारण एकाच ठिकाणी येऊन मिळतात, म्हणून मेंदूला नक्की कळत नाही की हाक कुठून आली, आणि दुखतं गर्भाशय पण जाणवतं कमरेत. त्यात भर म्हणजे, दुखतंय म्हणून आपण कमरेचे आणि कुल्ल्यांचे स्नायू घट्ट धरून ठेवतो, श्वास रोखून धरतो, ते वेगळंच. म्हणजे एक दुखणं आतलं आणि एक बाहेरचं. गोळी ही प्रोस्टाग्लँडिन तयार होणं कमी करते, म्हणून ती आतल्यावर चालते. बाहेरचं जे आहे, जे आखडलेलं आहे, ते हलवूनच सुटतं.

माझ्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात एकदा रेट्रोव्हर्टेड युटेरस असं लिहून आलं होतं, आणि ते वाचून मी दोन रात्री झोपले नव्हते, गुगलवर काय काय वाचलं. गर्भाशय पुढे कलायच्या ऐवजी मागे, कमरेच्या बाजूला कललेलं, एवढाच त्याचा अर्थ. साधारण पाचातल्या एकीचं तसं असतं, उंची कमी-जास्त असते तसं. अशा काही जणींना पाळीत कंबर जास्त जाणवते. आजार नाही तो. हे मला रिपोर्ट देतानाच कोणी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

तर चालणं. कॉक्रन म्हणून एक संस्था आहे, ती जगभरातले वैद्यकीय प्रयोग एकत्र करून तपासते, त्यांनी २०१९ मध्ये पाळीचं दुखणं आणि व्यायाम यावरचे १२ प्रयोग तपासले, ८५४ बायकांवरचे. त्यात निघालं की आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस, दर वेळी ४५ ते ६० मिनिटं व्यायाम केला तर दुखणं ० ते १०० च्या पट्टीवर साधारण २५ ने उतरू शकतं, आणि व्यायाम जोराचा असो की हलका, योग असो की एरोबिक्स, त्याने विशेष बिघडत नाही. पुरावा अजून कच्च्या दर्जाचा आहे हेही त्यांनीच लिहिलंय, प्रयोग लहान होते म्हणून. पण मला त्यातलं आवडलं ते हे की कुठलाही व्यायाम चालतो. जिमची फी नको, खास आसनं नकोत. म्हणून मी चालणं धरलं, कारण ते मला येत होतं.

आम्ही राहतो तिथून फर्मागुडीची चढण सुरू होते. पहाटे सहाला निघते, तेव्हा ट्रक कमी असतात, रस्त्याच्या कडेने चढायचं, वर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याजवळून गोपाळ गणपतीच्या देवळापर्यंत जायचं आणि परत, पाऊण तास होतो. पहिल्या आठवड्यात अर्ध्या चढणीवर तीनदा थांबत होते. फिजिओने सांगितलं होतं की चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येता कामा नये, तेवढा वेग ठेव. आठवड्यातून चार दिवस ठरवलेत, पाचवा झाला तर चांगलं. पाळीच्या दिवसांत मी देवळाच्या बाहेरूनच वळते, सासूबाईंच्या मनाला लागू नये म्हणून, त्याबद्दल माझं मत वेगळं आहे पण ते पुन्हा कधीतरी. चालणं मात्र सोडत नाही. पहिल्या दिवशी सासूबाईंनी विचारलं होतं, "असल्या दिवसांत एवढं चालून काही होणार नाही ना गो?" मी म्हटलं आई, नाही चालले की काय होतं ते तुम्ही इतकी वर्षं बघताय.

घरी जमिनीवरचं जे करते ते पंधरा मिनिटांचं आहे, रात्री जेवायच्या आधी. चटईवर उताणं झोपून गुडघे दुमडायचे आणि कमरेखाली जी पोकळी राहते ती हळू जमिनीला दाबायची, सोडायची, दहा-बारा वेळा. हे दिसायला काहीच नाही, पण कंबर आखडलेली असली की यानेच ती पहिली बोलायला लागते. मग तीच वीस सेकंदवाली परीक्षा, कंबर वर उचलून धरायची, सेतुबंधासन म्हणतात ते. याने कुल्ल्यांचे स्नायू तयार होतात. फिजिओचं म्हणणं असं की खुर्चीत बसून बसून ते स्नायू झोपी जातात आणि त्यांचं सगळं काम कंबर करते, मग ती दमणारच. मला वीस सेकंदांवरून एक मिनिटावर जायला दोन महिने लागले. नंतर उजवा घोटा डाव्या गुडघ्यावर ठेवून डावी मांडी छातीकडे ओढायची, मग दुसरी बाजू. हे करताना कुल्ल्यात खोलवर जो ताण बसतो तो मांडीत उतरणाऱ्या दुखण्याला फार चांगला, निदान मला तरी. मग मार्जारासन, मांजरासारखं गुडघ्यांवर आणि हातांवर राहून श्वास सोडताना पाठ वर गोल करायची, घेताना खाली सोडायची. घाई करायची नाही, एक श्वास एक हालचाल. शेवटी थोडा वेळ उकिडवं बसायचं, टाचा टेकत नसतील तर खाली दुमडलेला टॉवेल ठेवायचा. आजी तासभर बसायची तशी, मला दोन मिनिटं जमतं.

प्रत्यक्ष पाळीच्या पहिल्या दिवशी यातलं सगळं नाही होत आणि करायचंही नाही. त्या दिवशी कंबर उचलून धरायचा व्यायाम मी सोडते, पोटावर जोर येतो असं काही करत नाही. सकाळी उठल्या उठल्या आधी दहा मिनिटं गरम पाण्याची पिशवी कमरेखाली, टॉवेलमध्ये गुंडाळून, कातडी भाजेल इतकी गरम नाही. शेक घेतल्यावर स्नायू सैल होतो, मग हललं की कमी दुखतं, हा क्रम महत्त्वाचा आहे, मी आधी उलट करायची. मग मार्जारासन हळूहळू, मग बालासन, म्हणजे टाचांवर बसून पुढे वाकून पडायचं, पण गुडघे लांब फाकवून आणि छातीखाली एक जाड उशी घेऊन, म्हणजे पोट दाबलं जात नाही. तिथेच पाच मिनिटं पडून पोटाने श्वास. श्वास घेताना खालचा सगळा भाग, म्हणजे जिथून आपण लघवी धरून ठेवतो तो भाग, सैल सोडायचा. दुखत असताना आपण तो नकळत आवळून धरतो. मला हे कोणी सांगेपर्यंत माहीतच नव्हतं, आणि माझ्या मते त्या दिवशी सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. नंतर जमेल तेवढं चालणं, दहा मिनिटं तर दहा मिनिटं, सपाटीवर. ऑफिसात तासाला एकदा उठायचं, पाणी भरायच्या निमित्ताने, आणि त्या थंड भिंतीला नुसतं टेकून राहण्यापेक्षा तिला पाठ लावून कंबर दाबायची-सोडायची, चटईवर करतो तेच उभ्याने. बघणाऱ्याला कळतही नाही. बसमध्ये उभं राहायची वेळ आली तर गुडघे ताठ ठेवायचे नाहीत, थोडे मऊ ठेवायचे, गचका गुडघ्यांत जिरतो आणि कमरेपर्यंत कमी येतो.

गोळी पूर्ण सुटली का? नाही. काही महिन्यांत लागते, एक, जेवून. आणि त्यात हरल्यासारखं वाटून घ्यायचं काही नाही. गोळी घ्यायची आणि हलायचंही, दोन्ही चालतं.

मी वहीत लिहून ठेवत होते, दहापैकी किती दुखलं ते. दिवाळीनंतर सुरू केलं तेव्हा आठ. पुढच्या महिन्यात आठच. त्या वेळी सोडणार होते, खरंच सांगते, एवढं पहाटे उठून काय मिळालं असं झालं होतं. फिजिओ म्हणाली तीन पाळ्या तरी बघ, अंग इतक्यात बदलत नाही. तिसऱ्या महिन्यात सहा, मग सात, मग पाच, आणि शिगम्याच्या सुमारास चार. चार म्हणजे काय, तर बस बाणस्तारीच्या पुलावर होती आणि मी खिडकीतून बाहेर खाडी बघत होते. दुखत होतंच, पण मी खाडी बघत होते.

पुढे पाऊस लागला. फोंड्याचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको, जूनपासून चढणीवर पाण्याचे लोट येतात आणि शेवाळावर पाय सरकतो. मग घरातच, जिन्यावर चढउतार वीस मिनिटं आणि मग हॉलमध्ये गाणी लावून जे येईल ते. आणि चवथीत, म्हणजे गणपतीत, सगळंच बंद पडलं, माहेरी गेले, आठवडाभर नेवऱ्या, पाहुणे, नुसतं बसून तळणं. पुढची पाळी सात. वहीत आहे लिहिलेलं. त्यामुळे हे एकदा केलं आणि कायमचं गेलं असं नाही, दात घासण्यासारखं आहे.

पण त्याच चवथीत एक झालं. माटोळीखाली, म्हणजे गणपतीसमोर फळं-फुलं टांगून बांधतात त्या चौकटीखाली, रात्री बायका फुगडी घालत होत्या आणि मला ओढलं. पंधरा-वीस मिनिटं घातली असेल, वाकून, झुलून, टाळ्या देत, बसून उठून, आणि दुसऱ्या दिवशी मला जाणवलं की अंग जिथे जिथे मोकळं झालंय ते अगदी फिजिओ सांगते त्याच जागी, कुल्ले, मांड्या, कमरेची दोन्ही टोकं. धालो म्हणजे आमच्याकडचा बायकांचा नाच, त्यात पण तेच की, पौषातल्या रात्री मांडावर, म्हणजे नाचाच्या ठरलेल्या अंगणात, एकमेकींच्या कमरेत हात घालून दोन रांगा पुढे-मागे वाकत जातात, किती वेळ वाकतात, आणि पाच-पाच, सात-सात रात्री. आमच्या बायकांनी त्याला व्यायाम कधी म्हटलं नाही. आता गावात फुगडीला दहा जणी जमवायच्या म्हणजे फोन करावे लागतात आणि आम्ही शहरात चटई विकत घेऊन तेच वाकणं एकटीने करतो. मला याचं खरंच वाईट वाटतं. जिला जवळपास फुगडीचं पथक आहे तिने त्यात जावं, चालण्याच्या जागी ते चालेल, आणि चार बायकांत हसून येईल ते निराळं.

आता जे लिहायचंय ते सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि ते लिहिताना मला अजून राग येतो. माझी मावसबहीण मडगावला असते. माझं बरं चाललंय बघून मी तिलाही मोठ्या उत्साहाने सगळं सांगितलं, तिनेही मनापासून केलं, पाच महिने, कोलव्याच्या वाळूत चालायची. तिला काही म्हणजे काही फरक पडला नाही. उलट वाढलं, पाळीच्या आधी आठ दिवस कंबर सुरू व्हायची, संडासला बसताना कळ यायची, आणि नवऱ्याजवळ जाणं तिला नको झालं होतं ते तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. सोळाव्या वर्षापासून ती डॉक्टरांकडे जात होती, एकाने सांगितलं लग्न झालं की बरं होईल, लग्न झाल्यावर दुसऱ्याने सांगितलं मूल झालं की बरं होईल. शेवटी तिसरीकडे नीट तपासलं तेव्हा एन्डोमेट्रिओसिस निघालं, गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर, इतर अवयवांवर वाढतो तो. जागतिक आरोग्य संघटना सांगते पाळीच्या वयातल्या साधारण १० टक्के बायकांना ते असतं, आणि निदान व्हायला कित्येकींची वर्षं जातात. वर्षं. माझ्या बहिणीची चौदा गेली. आणि त्यातले पाच महिने मी तिला आणखी चाल, आणखी चाल सांगत होते, ते माझ्या मनातून जात नाही.

म्हणून नीट वाच हे. तीन-चार महिने मनापासून करून फरक नाही पडला, किंवा दर महिन्याला वाढतच चाललंय, पाळी नसतानाही दुखतंय, शौचाला किंवा शरीरसंबंधात दुखतंय, तासाला एक पॅड भिजतंय, ताप येतोय, तर व्यायाम बाजूला ठेव आणि गायनॅककडे जा. पंचविशी-तिशीपर्यंत काही त्रास नव्हता आणि आता अचानक सुरू झालाय, तरी जा, फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी) किंवा ॲडेनोमायोसिस (अस्तर गर्भाशयाच्या स्नायूतच वाढणं) असू शकतं. पाय बधीर पडणं, लघवीवर ताबा न राहणं हे तर पाळीचं दुखणंच नव्हे, त्या दिवशीच्या त्या दिवशी दवाखाना गाठायचा. आणि एका डॉक्टरने उडवून लावलं तर दुसरीकडे जा. वही बरोबर ने, तारखा आणि आकडे लिहिलेली, तोंडाने सांगितलेलं हवेत जातं, कागदावरचं वाचावं लागतं. बहिणीचं तरी तसंच झालं, तिने तीन महिन्यांचं लिहून नेलं होतं ते वाचून त्या डॉक्टरबाईंनी पुढच्या तपासण्या लिहून दिल्या. तिचं ऑपरेशन झालंय, औषध चालू आहे, आणि आता ती परत चालते, तिच्या फिजिओने सांगितलं तेवढंच.

तर ऑफिसातल्या माझ्या मुली, तू बसने येतेस ते मला माहीत आहे. तू रायबंदरला राहतेस, तुझ्या दारासमोरून मांडवीच्या कडेने रस्ता जातो, पणजीपर्यंत सपाट, पहाटे वारा असतो, मला असा रस्ता मिळाला असता तर मी फर्मागुडी कधी चढलेच नसते. उद्यापासून नको म्हणत, तुझी पाळी संपली की धर. पहिल्या महिन्यात काही होणार नाही हे आत्ताच सांगून ठेवते. आणि त्या दिवशी पॅन्ट्रीत भेटलीस तर ॲसिडिटी म्हणू नकोस, गरम पाण्याची पिशवी माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये असते, डाव्या बाजूला, विचारायची पण गरज नाही, घे.